चित्राखालचे दुसरे नाव
(कलावंत व कारागीर यांच्या हक्कांविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दोघांनी मिळून एक चित्र काढले आणि ते विकले गेले, तर चित्राखाली नाव कोणाचे लागावे आणि पैसा कोणाच्या हाती पडावा, हा प्रश्न ऐकावयास सोपा वाटतो. दोघांची नावे लावावीत आणि पैसा वाटून घ्यावा, असे आपण चटकन म्हणाल. परंतु त्या दोघांपैकी एक कलाशाळेत शिकलेला, कलादालनांच्या मालकांच्या ओळखीचा, आणि दुसरा रस्त्यावरच्या भिंती रंगविणारा, शाळकरी वयाचा, गरीब वस्तीतला असेल, तर जगाचा न्याय कसा चालतो हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी मी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे उदाहरण घेतले आहे. ते दूरचे आहे खरे. परंतु त्यातील कायद्याचा गाभा आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. तुमच्यापैकी ज्यांची मुले पाट्या, फलक आणि भिंती रंगवून पोट भरतात, त्यांनी तर तो अवश्य ध्यानी घ्यावा.

1975 साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर उभे होते. साउथ ब्राँक्स या भागात घरेच्या घरे जळून ओसाड पडली होती. त्याच दशकात तेथील पोरे भुयारी रेल्वेच्या डब्यांवर रंगाच्या फवाऱ्याने आपापली नावे लिहीत सुटली. त्यांत गोरी मुलेही होती. परंतु निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या समाजाची आणि पोर्टो रिको बेटातून आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ होती. ज्याचे नाव कोणी विचारीत नाही, त्याने ते डब्याएवढे मोठे करून साऱ्या शहरातून फिरवावे, यात नवल ते काय? नावाचे मोल तुम्हांस मी सांगावयास नको. शहराच्या कारभाऱ्यांना मात्र त्यात केवळ घाण दिसली आणि 1972 पासून तो गुन्हा ठरविण्यात आला.

त्याच सुमारास कलाशाळांतून बाहेर पडलेले काही तरुण चित्रकार कलादालनांच्या बंद दारांना कंटाळले होते. 1978 साली साउथ ब्राँक्समध्ये ‘फॅशन मोडा’ नावाची जागा उघडली आणि तेथे शिकलेले व न शिकलेले एकाच भिंतीवर आपले काम मांडू लागले. 1980 च्या जूनमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका रिकाम्या इमारतीत ‘कोलॅब’ या मंडळाने भरविलेल्या प्रदर्शनात तर ही सरमिसळ उघडच झाली. ‘रस्त्यावरची कला’ आणि ‘दालनातली कला’ या दोन पंक्ती एकत्र बसल्या. पंगत एक झाली खरी. वाढप सारखे झाले की नाही, ते आता पाहू.

कीथ हेरिंग हे 1958 साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले गोरे तरुण. 1978 साली ते न्यूयॉर्कच्या एका नामांकित कलाशाळेत दाखल झाले. भुयारी स्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटविलेला असे, त्यावर ते पांढऱ्या खडूने झरझर चित्रे काढीत. लोअर ईस्ट साइड भागात हिंडताना त्यांना भिंतींवर एक सही वारंवार दिसे: ‘एलए टू’. अक्षरांचे ते वळण त्यांना फार आवडले. शाळेच्या एका मैदानात भिंत रंगवीत असताना त्यांनी तेथील पोरांजवळ चौकशी केली आणि त्या सहीचा धनी त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. तो होता एंजल ऑर्टिझ, पोर्टो रिकन कुटुंबातला, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा.

यानंतर दोघांनी मिळून काम केले. हेरिंग यांच्या ठसठशीत आकृत्या, आणि त्या आकृत्यांच्या आत व भोवती ऑर्टिझच्या नागमोडी अक्षररेषांचे दाट जाळे, असे ते काम होय. मातीचे रांजण, जुनी लाकडे, फायबरग्लासचे पुतळे, काही म्हणून त्यांनी सोडले नाही. 1982 साली केलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा याच जोडीचा. त्याच वर्षी टोनी शफ्राझी यांच्या दालनात हेरिंग यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यातही या मुलाचा हात होता. पुढे तो हेरिंग यांच्याबरोबर जपानलाही गेला. त्या रेषा पुसून टाकल्या तर ती वस्तू निराळीच होईल, हे कोणीही पाहणारा सांगेल. म्हणजे हा मदतनीस नव्हता, सहकर्ता होता.

हेरिंग हयात असेतो मला वाटा मिळत होता, असे ऑर्टिझ यांचेच म्हणणे आहे. म्हणून हेरिंग यांच्या दानतीवर मी बोट ठेवीत नाही. परंतु 16 फेब्रुवारी 1990 रोजी एड्सच्या आजाराने हेरिंग वारले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्यानंतर त्यांच्या चित्रांच्या किमती चढत गेल्या आणि जोडीने केलेल्या कामांवर अनेक ठिकाणी एकच नाव उरले. ऑर्टिझ यांनी याविरुद्ध जाहीर तक्रार केली. वर्षे लोटली, मित्रांनी आवाज उठविला, आणि मग कोठे लिलावाच्या याद्यांत व प्रदर्शनांत ‘कीथ हेरिंग आणि एलए टू’ अशी जोडनावे दिसू लागली. कोणाची दानत चांगली असली तरी ती त्याच्याबरोबरच जाते. मागे राहतो तो कागद. स्नेहाच्या पोटी केलेल्या अशा सहकार्यात कागद क्वचितच केलेला असतो.

आता कायदा पाहा. दोघांनी आपापले काम एकजीव करण्याच्या हेतूने रचना केली, तर अमेरिकन कायद्याने दोघेही तिचे सहमालक होतात आणि एकाने ती वापरून नफा मिळविला तर दुसऱ्यास हिशेब द्यावा लागतो. परंतु ‘तू मालक नाहीस’ असे एकदा स्पष्ट सांगण्यात आले की तेथून तीन वर्षांत फिर्याद करावी लागते. रस्त्यावर वाढलेल्या पोराला ही मुदत कोण सांगणार? आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट अधिनियमातही संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे. एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, अशा सहकार्याने निर्माण झालेली कृती ती संयुक्त कृती. कर्ता अज्ञान वयाचा असला तरी तो कर्ताच. मात्र अज्ञानाने केलेला करार आपल्या कायद्याने मुळातच निरर्थक ठरतो. 1903 सालच्या मोहरीबीबी खटल्यापासून हे पक्के आहे. तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाच्या सहीने कोणी त्याचे हक्क लिहून घेतले असतील, तर त्या कागदाला घाबरू नका.

दुसरी जोडी दोन स्त्रियांची आहे आणि तिचा इतिहास अधिक समाधान देणारा आहे. जेनी होल्झर यांनी 1977 पासून छोटी छोटी, टोचणारी वाक्ये छापून मॅनहॅटनच्या भिंतींवर चिकटविली होती, आणि तीही निनावी. (नाव आपखुशीने न लावणे निराळे आणि दुसऱ्याने ते गाळणे निराळे, हा भेद कायदाही मानतो.) सँड्रा फबारा, रस्त्यावरचे नाव ‘लेडी पिंक’, ही 1964 साली एक्वादोर देशात जन्मून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेली मुलगी 1979 पासून रेल्वेचे डबे रंगवीत होती. पुरुषांच्या त्या मेळ्यात तिने रात्रीबेरात्री यार्डात उतरून जागा मिळविली. 1983-84 च्या सुमारास दोघींनी मोठाली कापडे रंगविली: रंगाचा फवारा पिंकचा, शब्द होल्झर यांचे. सत्तेच्या गैरवापराविषयीचे होल्झर यांचे एक वाक्य छापलेला सदरा अंगात घालून टाइम्स स्क्वेअरमध्ये उभी असलेली पिंक, हे 1983 चे छायाचित्र जगभर गेले. ती कापडे आजही दोघींच्या नावाने मांडली जातात. शब्द कोणाचे आणि रंग कोणाचा हे इतके उघड होते की वाद उद्भवावयास जागाच राहिली नाही.

तिसरी जोडी सर्वांत गाजलेली, म्हणून तिच्यावर थोडक्यातच बोलतो. झाँ-मिशेल बास्किया हा हैतीहून आलेल्या पित्याचा आणि पोर्टो रिकन वंशाच्या मातेचा मुलगा. त्याने अल डियाझ या मित्राबरोबर ‘सेमो’ या टोपणनावाने भिंतींवर लेखन केले. 1983 ते 85 या काळात त्याने विख्यात अँडी वॉरहॉल यांच्यासह सुमारे 160 चित्रे केली. बहुधा वॉरहॉल आधी एखाद्या कंपनीचे चिन्ह हाताने रंगवीत आणि बास्किया त्यावर आपल्या आकृत्या व शब्द चढवी. 1985 च्या सप्टेंबरात त्यांतील 16 चित्रे शफ्राझी यांच्या दालनात लागली, तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राच्या समीक्षेने बास्कियाला वॉरहॉल यांनी मिरवावयास ठेवलेला शोभेचा प्राणी ठरविले. काळा तरुण गोऱ्याच्या शेजारी उभा राहिला की तो बरोबरीचा असूच शकत नाही, ही त्यामागची समजूत होय. 2023 साली पॅरिसमध्ये याच चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले, आणि त्यात बास्कियाचे नाव आधी होते. 1988 साली सत्ताविसाव्या वर्षी वारलेल्या बास्कियाला त्याचा काय उपयोग? आणि ‘सेमो’चा दुसरा अर्धा धनी अल डियाझ तर पुष्कळांना ठाऊकही नाही.

या मंडळींचा मायकेल स्ट्युअर्ट या तरुणाशी आलेला संबंध सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्ट्युअर्ट हा पंचवीस वर्षांचा काळा कलावंत. 1983 च्या सप्टेंबरात भुयारी स्थानकाच्या भिंतीवर लिहिले या आरोपावरून पोलिसांनी त्यास धरले. तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचला आणि तेरा दिवसांनी मरण पावला. 1985 साली सहा पोलीस अधिकारी निर्दोष सुटले. ज्यूरीत सर्व गोरे होते. हेरिंग यांनाही स्थानकांत चित्रे काढताना अनेकदा पकडण्यात आले होते, पण ते चिठ्ठी-दंडावर सुटत. खडू तोच, भिंत तीच, कायदा तोच. या मृत्यूनंतर बास्कियाने हेरिंग यांच्या चित्रशाळेच्या भिंतीवरच दोन पोलीस आणि मध्ये एक काळी आकृती असे चित्र काढले. हेरिंग यांनी घर बदलताना भिंतीचा तेवढा तुकडा कापून घेतला, त्यास चौकट केली आणि आपल्या बिछान्यावर टांगला.

क्वीन्समधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्या परवानगीने शेकडो कलावंत चित्रे काढीत. लेडी पिंक त्यांतलीच. पुढे मालकास तेथे उंच इमारती बांधावयाच्या होत्या. 2013 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत त्याने सर्व भिंतींवर पांढरा रंग फासला. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने मान्यता पावलेली कलाकृती नाश पावण्यापासून जपण्याचा हक्क कलावंतास दिलेला आहे. 21 कलावंत न्यायालयात गेले. फिर्यादींत लेडी पिंकही होती. 2018 साली न्यायालयाने 45 चित्रांबद्दल एकूण 67 लाख 50 हजार डॉलरची भरपाई दिली. इमारत पाडण्यापूर्वी मालकाने रीतसर सूचना देऊन थोडा धीर धरला असता तर एवढा भुर्दंड बसलाच नसता, असा न्यायाधीशांचा अभिप्राय होता. 2020 साली अपिलातही निकाल टिकला आणि सर्वोच्च न्यायालयाने दखल घेण्याचे नाकारले. परवानगी होती म्हणून हे घडले, हे विसरू नका. विनापरवाना सार्वजनिक मालमत्ता रंगविणे महाराष्ट्रात 1995 च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आपल्याकडे कलम 57 आहे. हक्क विकून टाकले तरी कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा आणि मानहानी होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून नेले आणि त्याची नासधूस झाली. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला पाच लाख रुपये भरपाई देण्यास आणि उरलेले अवशेष शिल्पकारास परत करण्यास सांगितले. मात्र 2019 साली त्याच न्यायालयाने वास्तुविशारदास आपली इमारत पाडण्यापासून रोखता येणार नाही असेही म्हटले. तेव्हा भरवसा बेताचाच ठेवावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र रंगविले आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 प्रमाणे त्या चित्राचा कॉपीराइट काम देणाऱ्याचा होतो. मंडळाची भिंत असो वा एखाद्या मोठ्या चित्रकाराने मजुरीवर बोलाविलेले काम असो, तुमच्या मुलाने बोलणी आधीच करावीत आणि ती लेखी करावीत. दोघांची नावे, वाट्याचे प्रमाण आणि चित्राच्या नकला छापल्यास काय द्यावयाचे, एवढे एका पानावर मावते. दुसरी गोष्ट कलम 55 ची. चित्र तयार होतेवेळी त्यावर ज्याचे नाव असेल तोच कर्ता, असे न्यायालय उलट पुरावा येईतो गृहीत धरते. म्हणून लाजू नका. कोपऱ्यात सही करा. काम संपल्यावर दोघांनी त्या भिंतीपुढे उभे राहून तारखेसह एक छायाचित्र घ्यावे आणि त्याची एक प्रत घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी.