राज्य गेल्यावर राहिले काय?

(सीवूड्स येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



येथून जवळच बेलापूरच्या किल्ल्याचे पडके अवशेष उभे आहेत. १८१७ साली तो किल्ला पेशव्यांकडून कंपनी सरकारच्या हाती गेला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आणि १८१८ च्या जूनमध्ये शरण आलेले दुसरे बाजीराव सालीना आठ लाखांच्या तनख्यावर पुढे बिठूरास जाऊन राहिले. हा इतिहास आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविला. परंतु राज्य बुडाले म्हणजे घराघरांत काय बुडाले, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

राज्य म्हणजे केवळ गादी नव्हे. शिलेदार, बारगीर, गडकरी, कारकून, नालबंद, जीनगर अशी असंख्य माणसे तिच्या आधाराने जगत होती. फौज मोडली, पागा ओस पडल्या आणि नालबंदाचे काम थांबले. पुरंदराकडील रामोश्यांची पिढीजात राखण गेली. त्या असंतोषातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. १८३२ साली पुण्यात त्यांस फाशी दिले.

आमच्या घरी देव्हाऱ्याखाली एक मोडी कागद पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता. ती इनामाची सनद आहे, असे वडील सांगत. तिच्या भरवशावर आमच्या चुलत्यांनी भाऊबंदांशी वैर धरले आणि मुलांची शाळाही सोडविली. पुढे एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी तो कागद वाचला. ते शके १७४१ चे, म्हणजे १८१९ च्या सुमाराचे कर्जखत निघाले. आमच्या शिलेदार पूर्वजाने घोडी गहाण ठेवून बियाण्यासाठी पैसे घेतले होते! आम्हांस प्रथम लाज वाटली, मग अभिमान वाटला. तलवारीचा काळ सरला हे ओळखून त्या पुरुषाने नांगर धरला होता. विसर पडला तो आम्हां वंशजांना.

मात्र त्या पडझडीत सर्वांचेच नुकसान झाले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही आरंभी ब्राह्मणांपुरतीच. परंतु १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्याच पुण्यात मुलींची शाळा काढली. जुन्या राज्यात ज्यांना विद्येचे दार बंद होते, त्यांच्यासाठी ते असे उघडू लागले. इंग्रजांनी ते दयेने उघडले असे नव्हे. आपल्याच माणसांनी शेणधोंडे सोसून ते लोटले.

हे सीवूड्सही एका मोडलेल्या व्यवस्थेवरच उभे आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि येथील भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी नगर वसले. येथील मूळच्या गावकऱ्यांनी आपल्या डोळ्यांदेखत एक जग जाताना पाहिले आहे. त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवून आपण पूर्वजांच्या वैभवाचे पोवाडे गाऊ नयेत.

म्हणून आमची विनंती एवढीच : घरातील जुने कागद पूजू नका, वाचून घ्या, आणि मुलांची शाळा कोणत्याही सनदेच्या भरवशावर सोडवू नका. आमचा तो कागद आज मेजावर ठेवला आहे. सभा संपल्यावर तरुणांनी तो अवश्य पाहावा.