दुपारचा ओझोन आणि फुप्फुसातला पडदा
(वैशाली नगर, भिलाई येथील कामगार मेळाव्यातील भाषण)



भिलाईकरांना धुराची ओळख करून द्यायला नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभर आम्ही ज्यांवर गाड्या चालवतो ते रूळ याच गावात तयार होतात. पण आम्ही कामगारांनी प्रदूषण नेहमी डोळ्यांनीच मोजले. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली की हवा वाईट, नाहीतर चांगली. आज ज्या वायूबद्दल बोलायचे आहे तो दिसत नाही आणि चिमणीतून सरळ बाहेरही पडत नाही. त्याचे नाव ओझोन.

काही जण म्हणतील, ओझोन तर वाचवायचा असतो! बरोबर, पण तो वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा. तिथे तो अतिनील किरण अडवतो. जमिनीलगतचा ओझोन निराळा जन्मतो. वाहनांच्या आणि भट्ट्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड व पेट्रोल, रंग यांच्या वाफा यांवर कडक ऊन पडले की तो बनतो. म्हणून सकाळी कमी, भर दुपारी जास्त. ताज्या धुराजवळ तो खर्ची पडतो आणि वाऱ्याच्या दिशेने दूरच्या, स्वच्छ म्हणवणाऱ्या वस्तीत वाढलेला सापडतो.

तो करतो काय? पोस्टमन बंधूंनी सायकलचा जुना टायर आठवावा. त्याच्या कडेला बारीक भेगा पडतात, त्यांत ओझोनचा मोठा हात असतो. रबराच्या लांब साखळीत कार्बनचे काही जोड दुहेरी असतात. ओझोन नेमका त्यांवर बसतो आणि साखळी तिथे तोडतो.

आता फुप्फुस घ्या. त्यात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या आहेत, आतून ओल्या. ओली पिशवी मिटून जायला बघते. ती मिटू नये म्हणून त्या ओलाव्यावर स्निग्ध पदार्थांचा आणि थोड्या प्रथिनांचा अतिशय पातळ पडदा असतो. साबण जसा पाण्याचा ताण कमी करतो, तसेच त्याचे काम. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास अडतो तो हा पडदा अपुरा असल्याने, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ सालीच, म्हणजे इथली भट्टी पेटली त्याच वर्षी, अमेरिकेत दाखवले.

या पडद्याचा मोठा भाग घट्ट वनस्पती तुपाच्या जातीचा. त्यात दुहेरी जोड नाहीत, ओझोन त्याला हात लावत नाही. उरलेला भाग करडईच्या तेलाच्या जातीचा, दुहेरी जोडांचा. तो तुटतो. तुटके तुकडे पाण्याकडे ओढले जातात, पडद्याची वीण विस्कटते, शिवाय अल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. ओझोन स्वतः बहुतेक त्या ओल्या थरातच संपतो. आतल्या पेशींना सूज आणतात ते हे अवशेष. मग खोकला, छाती आवळणे, दमेकऱ्याला झटका. शरीर पडदा पुन्हा विणते, त्यामुळे एका दुपारचे एवढे नाही. प्रश्न रोजच्या दुपारचा आहे.

जो जास्त धापा टाकतो त्याच्या आत ओझोन जास्त जातो. बीटवर पॅडल मारणारा पोस्टमन आणि रुळावर घण चालवणारा ट्रॅकमन यांचा श्वास खुर्चीवर बसलेल्या साहेबासारखा नसतो. आर्क वेल्डिंगच्या प्रखर किरणांनी तर वेल्डरच्या नाकासमोरच ओझोन बनतो. तो तिखट वास आमच्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. तोंडाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही. तो धूळ अडवील, वायू नाही.

१९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात घातक द्रव्यांची यादी आली. त्यात आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग होती. पण त्या कायद्याच्या व्याख्येतून रेल्वेचे रनिंग शेड वगळलेले होते, आणि उघड्यावरचा ट्रॅकमन व पोस्टमन त्यात कधी बसलेच नाहीत. आता नवी संहिता आली आहे. बाहेरच्या हवेसाठी २००९ पासून आठ तासांना घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. मर्यादा कागदावर आहे, पण आमच्या कामाच्या जागी यंत्र लावून मोजले कोणी?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. उन्हाळ्यात ट्रॅकचे अवजड काम आणि टपालाची लांब बीट सकाळी उरकावी. वेल्डिंगच्या जागी धूर खेचणारा पंखा हवा. आणि दुपारच्या ड्युटीनंतर ज्यांची छाती आवळते, त्यांनी तारीख, वेळ व काम वहीत लिहून महिन्याच्या शेवटी शाखा कार्यालयात आणून द्यावे. त्या वह्या घेऊनच आम्ही वाटाघाटीला बसणार आहोत.