मोठ्या बाईनेही चित्रांची गोष्ट वाचावी

(प्रभागसंघाच्या पावसाळ्यापूर्वीच्या सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेले हे भाषण. ताईंनी पूर्वी अंगणवाडी सेविका म्हणून काम केले आहे. त्या जशा बोलल्या तसेच छापत आहोत.)



आत्ता कर्जाचं झालं, थकलेल्या हप्त्यांचं झालं, कोंबड्यांच्या लसीचं झालं. आता माझा विषय ऐकून काहीजणी हसतील. खुशाल हसा. विषय असा की, आपल्यासारख्या मोठ्या बाईने चित्रांचं गोष्टीचं पुस्तक वाचावं का? मी म्हणते, वाचावं. त्याने मनाला आधार मिळतो. कसा, ते सांगते.

पाऊस आता तोंडावर आलाय. आपल्या भागात पावसाचं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. 2005 च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडीवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळीयेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरला साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला दरड कोसळली, महाड शहरात घराघरात पाणी शिरलं. तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की कितीतरी बायांची झोप उडते. उठतात, दार उघडून डोंगराकडे बघतात. अंधारात दिसत काहीच नाही, तरी बघतात. घरचा माणूस मुंबईला किंवा सुरतेला. सकाळी विचारलं, का गं डोळे लाल? तर म्हणते, काही नाही, डास फार होते.

हे 'काही नाही' आपण सगळ्याच म्हणतो. ताप आला तर सांगतो, गुडघा दुखला तर सांगतो. मनाला लागलेलं सांगायची आपल्याला सवय नाही. सांगायला गेलं तर शब्द सापडत नाही, आणि सापडला तर लाज वाटते. इथे गोष्ट कामाला येते. गोष्टीतल्या बाईचं, गोष्टीतल्या पोरीचं नाव घेऊन आपल्याला आपलं बोलता येतं. नाही बोलायचं, तर नुसतं ऐकता येतं. गोष्ट आपल्याला उलटून काही विचारत नाही.

आता म्हणाल, चित्रांचं पुस्तक म्हणजे पोरांचं. हे कधी ठरलं? आपल्याच कोकणात, कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी करतात. कागदावर रंगवलेली चित्रं एकेक करून दाखवायची आणि रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या. चित्रांच्या त्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. समोर बसायची ती सगळी गावची मोठी माणसं. ही कला सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. आणि ज्यांच्या घरी श्रावणात जिवतीचा कागद लावतात, त्या बाया चित्रासमोर बसूनच कहाणी ऐकतात ना? मग चित्र आणि गोष्ट ही आपलीच जुनी रीत झाली. मधल्या काळात ती फक्त पोरांच्या वाट्याला गेली, एवढंच.

आमच्या गटात गेल्या पावसाळ्यात आम्ही 'तोत्तोचान' वाचलं. जपानी पुस्तक आहे, 1981 चं. तेत्सुको कुरोयानागी या बाईंनी स्वतःच्या लहानपणावर लिहिलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं, नॅशनल बुक ट्रस्टने छापलं. मूळ पुस्तकात चिहिरो इवासाकी या चित्रकार बाईंची मुलांची चित्रं आहेत, अगदी हलक्या हाताची.

गोष्ट साधी आहे. तोत्तोचान ही पहिलीतली मुलगी. वर्गात तिचं लक्ष नाही, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. शाळेने तिला काढून टाकलं. आई तिला दुसऱ्या शाळेत घेऊन जाते. ती शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी आईला घरी पाठवतात, पोरीसमोर खुर्ची घेऊन बसतात आणि म्हणतात, तुला जे सांगायचं ते सांग. चार तास ती पोरगी बोलते आणि ते ऐकतात. मध्ये जांभई नाही, घड्याळ बघणं नाही.

हे वाचलं तेव्हा आमच्या गटात सगळ्या गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, माझं कुणी चार मिनिटं तरी ऐकलंय का?

आणखी एक आहे त्यात. ते मुख्याध्यापक तोत्तोचान दिसली की तिला पुन्हा पुन्हा सांगायचे की तू खरोखर चांगली मुलगी आहेस. बायांनो, आपल्याला दिवसभर हाका येतात. लेक म्हणून येतात, सून म्हणून येतात, आई म्हणून येतात. भाकरी झाली का, आवणीला कधी जायचं, हप्ता भरला का. पण तू चांगली आहेस, असं आपल्याला शेवटचं कुणी कधी म्हणालं? गोष्टीतल्या पोरीला कुणी म्हणालं, तरी ऐकणाऱ्या बाईला बरं वाटतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

त्या शाळेत डब्यात समुद्राचं काहीतरी आणि डोंगराचं काहीतरी आणायचं, असा नियम होता. ज्याच्या डब्यात कमी असेल त्याला मुख्याध्यापकांची बायको वाढायची. हे ऐकून आमच्याकडे हशा पिकला. सुकट आणि नाचणीची भाकरी! म्हणजे आमचे डबे जपानच्या शाळेत पास!

शेवटी युद्धात, 1945 साली, बॉम्बने ती शाळा जळते. शाळा जळत असताना कोबायाशी आपल्या मुलाला विचारतात की पुढची शाळा कशी बांधायची. घर, गोठा, दुकान गेलेल्या बायांनी हे ऐकलं, तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एका मैत्रिणीला विचारून, तिच्या परवानगीने तिचं सांगते. शाळेतून काढलंय ही गोष्ट तोत्तोचानच्या आईने तिला ती वीस वर्षांची होईपर्यंत सांगितली नाही. हे ऐकल्यावर ही मैत्रीण म्हणाली, "एवढी वर्षं एकटीने पोटात ठेवलं त्या आईने?" थोड्या वेळाने तिने स्वतःचं सांगितलं. मुलाची मुंबईची नोकरी सुटून पाच महिने झाले होते आणि तिने घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. नोकरी काही गोष्टीने परत आली नाही. पण त्या दिवसापासून ते ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर राहिलं नाही.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांनीही मागे राहू नये. चित्र वाचायला अक्षर लागत नाही. आमच्यातल्या एका आजींनी एका पुस्तकात घराच्या पडवीचं चित्र बघितलं. बराच वेळ पानावर हात ठेवून बसल्या. "आमचं जुनं घर असंच होतं," एवढंच म्हणाल्या. दरडीच्या भीतीने ते घर सोडावं लागलंय. आम्ही पुढे काही विचारलं नाही, पान उलटायची घाईही केली नाही.

आता करायचं कसं ते सांगते. सभेचं कामकाज संपलं की दहा मिनिटं काढा. जिला वाचता येतं तिने सावकाश वाचावं. आधी चित्र सगळ्यांच्या हातातून फिरू द्या. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका, आपण परीक्षेला बसलेलो नाही. कुणाला बोलतं करायचा आग्रह नको. जे बोललं जाईल ते त्या पडवीतून बाहेर जाता कामा नये. ही शेवटची अट मोडली तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, हे लक्षात ठेवा.

पुस्तकं कुठून आणायची? जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात, गुरुजींना किंवा बाईंना विचारा. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांचं 'राधाचं घर' बघा, घरातल्याच माणसांच्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत. मोबाईल असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात.

एक मात्र नीट ऐका. गोष्ट म्हणजे औषध नव्हे. जिला दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, तिला गोष्टीवर थांबवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे 14416. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच वहीत लिहून घ्या. जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीने लिहून द्या.

आपल्या गटाच्या वहीत बचत, व्याज, दंड सगळ्याची नोंद होते. या दहा मिनिटांची नोंद करू नका. त्यांचा हप्ता नाही, दंड नाही, परतफेड नाही. एवढं एक तरी महिन्यात बिनहिशोबाचं असू दे.

पाऊस सुरू व्हायच्या आत प्रत्येक ग्रामसंघाने दोन-तीन पुस्तकं मिळवून ठेवावीत, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या गटाकडचं 'तोत्तोचान' मी आज पिशवीत घालून आणलंय. ज्या गटाला हवं त्यांनी जेवणाआधी माझ्याकडून घेऊन जा. वाचून झालं की पुढच्या वाडीला द्या.