कोळ्याचें विष आणि फेफरें

परळला आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरांत तीन संस्था एकमेकींच्या शेजारीं उभ्या आहेत : हाफकिन संस्था, १९२६ सालचें के. ई. एम. रुग्णालय आणि १९२९ सालचें वाडिया बालरुग्णालय. पहिलीनें विषाचा अभ्यास केला. उरलेल्या दोहोंत फेफरें येणारीं मुलें आईबापांच्या कडेवर बसून येतात. या दोन गोष्टींचा सांधा जोडूं पाहणारें एक संशोधन दूर ऑस्ट्रेलियांत झालें आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

विषापासून औषध ही कल्पना मुंबईकरांस नवी नाहीं. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें प्लेगची प्रयोगशाळा आली. तिलाच १९२५ सालीं हाफकिनसाहेबांचें नांव मिळालें. पुढें तेथें सर्पदंशावरील प्रतिविष तयार होऊं लागलें. घोड्यास अल्प मात्रेनें विष टोंचावयाचें, मात्रा हळूहळू वाढवावयाची, आणि त्याच्या रक्तांत जी प्रतिकारक द्रव्यें उत्पन्न होतील तीं वेगळीं काढावयाचीं. परंतु येथें औषध घोड्याच्या रक्तांत आहे, विषांत नव्हे. खुद्द विषांतलेंच एखादें द्रव्य निवडून रोग्यास द्यावें, ही निराळी कल्पना आहे.

कोळी म्हणतांच कांहींच्या डोळ्यांपुढें वरळीची होडी येईल. मी बोलत आहें तो आठ पायांचा. पश्चिम आफ्रिकेंत हेटेरोस्कोड्रा मॅक्युलाटा नांवाचा एक केसाळ कोळी आहे. त्याच्या विषांतील एच्‌एम्‌१ए हें द्रव्य प्रथम वेदना उत्पन्न करणारें म्हणून २०१६ सालीं प्रसिद्धीस आलें. त्याचाच उपयोग दोन वर्षांनीं फेफऱ्यावर करून पाहण्यांत आला.

तो कसा, हें समजण्यास मेंदूंत डोकावलें पाहिजे. तेथें कांहीं पेशी चेतविणाऱ्या, तर कांहीं आवरणाऱ्या. पेशींच्या भिंतींत सोडियमचीं सूक्ष्म दारें असतात. आवरणाऱ्या पेशींचा भर त्यांपैकीं १.१ क्रमांकाच्या दारावर. शार्लट द्राव्हे या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनीं १९७८ सालीं वर्णिलेल्या रोगांत, बहुतेक मुलांच्या ठायीं, या दाराच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक बिघडलेली असते. आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, आणि चेतना मोकाट सुटते. पहिल्या वर्षांतच तापांत झटके सुरू होतात; त्यांतलीं कांहीं मुलें बाळपणींच दगावतात.

कोळ्याचें द्रव्य नेमकें तेंच दार किंचित्‌ अधिक वेळ उघडें ठेवतें. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं हा रोग असलेल्या उंदरांना तें दिलें, तेव्हां झटके कमी झाले आणि मृत्यूही घटले. मात्र तें रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं; थेट मेंदूंत सोडावें लागलें. मुलाच्या बाबतींत हें सोपें नाहीं, आणि आज तें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. कोणी विकावयास आणलें तर त्यास दारांतून परत पाठवावें.

लालबागच्या चाळींत मी राहत असतांना शेजारच्या बिऱ्हाडांतील तान्ह्या मुलीस तापांत आकडी आली. कोणी वहाण हुंगविली, कोणी दांतांत चमचा घातला, एका आजींनीं बाहेरची बाधा ठरविली. डॉक्टरांकडे जावयास रात्र उलटली. मींही त्या गर्दींतच उभा होतों, आणि मलाही कांहीं ठाऊक नव्हतें.

मुलास कुशीवर वळवावें, कपडे सैल करावे, तोंडांत कांहींही घालूं नये, घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर थेट रुग्णालय गांठावें. ताप किंवा ऊन पाण्याचें स्नान यांनीं झटका येतो काय, हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. कारण कार्बामॅझेपिनसारखीं नेहमींचीं औषधें सोडियमचीं दारें बंद करतात, आणि द्राव्हेच्या रोगांत तींच झटके वाढवूं शकतात. चालू औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.