तुटीचे मीठ

(कोळगाव येथे दिलेले व्याख्यान)



घरात जमेपेक्षा खर्च वाढला, म्हणजे आधी काय तोडावयाचे? कारभाऱ्याची विडी, की लेकराचे दूध? सरकारी तुटीचा तंटाही हाच आहे. आकडे मोठे, म्हणून आपण बिचकतो.

1923 सालची गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारला दरसाल तूट येत होती. इंचकेप कमिटीने काटकसर सुचविली, लष्करातसुद्धा. तरी खड्डा भरेना. तेव्हा फायनान्स मेंबर सर बॅसिल ब्लॅकेट यांनी मिठावरील कर मणामागे सव्वा रुपयाचा अडीच रुपये करण्याचे काढले. कायदेमंडळाने तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खास अधिकाराने तो लादलाच! आपल्या किनाऱ्याला मिठागरे, समुद्र दारात, आणि मीठ महाग! शेठजी काही कुणब्याच्या दुप्पट मीठ खात नाही. पण कर दोघांना सारखा. 1924 साली तो पुन्हा सव्वा रुपयावर आला, व 1947 साली उठला.

आज तुटीला लगाम घालणारा 2003 सालचा कायदा आहे. लगाम हवाच, कर्जाचे व्याज शेवटी रयतेच्याच माथी बसते. पण 2019 साली कंपन्यांचा कर उतरवला, तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपये सोडले, असे सरकारनेच सांगितले. मग शाळेला मास्तर मागताना तिजोरीकडे बोट दाखविले, तर आम्ही गप्प का बसावे?

पूर्वी ठाण्याला हेलपाटा पडे. 2014 साली पालघर जिल्हा झाला, आता जिल्ह्याची कचेरी कोळगावातच आहे. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मागून घ्या. वाचता न आले तर शाळेत आणा. आम्ही वाचून दाखवू.