शेळ्यांसाठी घरच्या घरी स्वस्त गव्हाण

शेळ्या राखणाऱ्या घरांत वैरणीचं काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच हातात असतं, म्हणून आजचं बोलणं विशेषकरून भगिनींसाठी आहे.

चारा टाकून अर्धा तास झाला की गोठ्यात जाऊन खाली बघा. कडब्याची धाटं तुडवलेली, घासाच्या काड्या मुतात भिजलेल्या, वर लेंड्या. एवढा चारा पायाखाली पडलेला असतो आणि शेळ्या मात्र तुमच्याकडे बघून ओरडत असतात. त्या माजलेल्या नाहीत. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारं जनावर. मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीचा, बोरीचा शेंडा खुडणारी. तिचा वरचा ओठ बोटासारखा हलतो, त्यानं ती पान न् पान निवडून घेते. तुडवलेल्या, वास लागलेल्या चाऱ्याला ती सहसा तोंड लावत नाही, आणि भुकेपोटी लावलंच तर त्यासोबत जंताच्या अळ्या पोटात जातात. पावसाळ्यात शेळी खंगते, डोळ्यांची आतली कड पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं. अशी पुष्कळ दुखणी लेंड्यांत मिसळलेल्या चाऱ्यातूनच येतात. शेळीपालनाचा निम्म्याहून जास्त खर्च वैरण आणि खुराकावर होतो, म्हणून गव्हाण ही चैन समजू नका. चारा तोंडाच्या उंचीवर आला की नासाडी आणि जंत, दोन्हींना आळा बसतो.

गव्हाणीसाठी दोनशे लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम सगळ्यांत सोयीचा. भंगारवाल्याकडे मिळतो. पण घेण्याआधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल, फळांचा गर, काकवी, असलं काही असेल तर घ्या. कीटकनाशक, तणनाशक, ॲसिड, रंग यांचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. कितीही धुतला तरी औषध प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं असतं. आत काय होतं हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर तो ड्रम तिथंच राहू द्या.

आता कापणं. ड्रम उभा चिरायचा, म्हणजे आडव्या ठेवता येतील अशा दोन गव्हाणी निघतात, प्रत्येकी साधारण तीन फूट लांबीच्या. इथं एक बारकी गोष्ट ध्यानात ठेवा. ड्रमच्या माथ्यावर समोरासमोर दोन बुचं असतात. दोन्ही बुचं जोडणारी एक रेघ मनात धरा आणि कापायची रेघ तिला काटकोनात आखा. असं कापलं की प्रत्येक अर्ध्या भागाला एकेक बूच मिळतं, आणि गव्हाण आडवी ठेवल्यावर ते खालच्या अंगाला येतं. धुताना बूच उघडलं की पाणी आपोआप बाहेर. बसवताना गव्हाण बुचाच्या बाजूला बोटभर उतरती ठेवा. बुचाच्या खाली थोडं पाणी साचतं, तिथं एक बारीक भोक पाडा.

कापल्यावर काठ धारदार राहतो. तो कानशीनं घासून घ्या. मग ठिबकची जुनी, टाकून दिलेली नळी एका बाजूनं उभी चिरून काठावर चढवा. अशी नळी आपल्याकडं बांधाबांधावर पडलेली असते. शेळी खाताना मान काठावर घासते, म्हणून ही नळी गच्च बसली आहे ना, ते हातानं ओढून तपासा.

पायांसाठी बांबू किंवा बाभळीची लाकडं. दोन्ही टोकांना कातरीसारखी जोडी उभी करा आणि वरच्या खोबणीत ड्रम बसवा. काठ जमिनीपासून दीड फुटावर यावा, म्हणजे उभ्या शेळीच्या छातीच्या रेषेत. बांधायला नायलॉनची दोरी वापरू नका. शेळ्या ती कुरतडतात, तुकडे पोटात जाऊन गोळा होतो. बांधणीची तार घ्या आणि तिची टोकं लाकडाच्या आतल्या अंगाला वळवून ठोका, नाहीतर डोळ्याला इजा ठरलेली.

एवढ्यावर थांबलात तर दुसऱ्या दिवशी एखादी शेळी गव्हाणीत चढून बसलेली दिसेल. म्हणून काठाच्या वर वीतभर उंचीला, गव्हाणीच्या मधोमध, लांबीला एक आडवा बांबू पक्का करा. शेळ्या दोन्ही बाजूंनी तोंड घालून खातात, पण आत उभं राहायला जागा उरत नाही. काही जण उभ्या फटी ठेवून गव्हाण करतात. तुमच्याकडच्या शेळ्यांना शिंगं असतील तर तो प्रकार मला धोक्याचा वाटतो. डोकं आत जातं, शिंगं अडकतात, मागून दुसरी ढुशी मारते. बांबूचा प्रकार सोपा आणि निर्धोक.

मोठ्या शेळीला काठावर फूट-सव्वा फूट जागा लागते. म्हणजे एका गव्हाणीवर दोन्ही बाजू मिळून पाच-सहा शेळ्या. गाभण किंवा शिंगांच्या असतील तर चारच धरा.

कडबा मात्र कुट्टी करूनच घाला. अख्खी धाटं घातली तर शेळी एक टोक धरून ओढते आणि सगळं पुन्हा जमिनीवर येतं. पाला असेल तर गव्हाणसुद्धा लागत नाही. सुबाभूळ, शेवरी, हादगा यांच्या फांद्यांची जुडी बांधून छपराच्या आढ्याला टांगा, शेळीनं मान जरा वर करावी इतक्या उंचीवर. जुडी आवळून बांधा, लोंबता फास राहू देऊ नका. बटाट्याच्या जाळीच्या पिशवीत पाला भरून टांगणं तर मुळीच नको, करडांचे पाय त्यात अडकतात.

खुराक वेगळ्या पसरट भांड्यात द्या. दांडगी शेळी दुसरीचा वाटा खाऊन टाकते. दाणा एकदम जास्त गेला की पोटात आंबतो, शेळी फुगते, आडवी पडते. लग्नकार्यात उरलेला भात, शिळ्या भाकऱ्या एका वेळी ओतून देऊ नका. शेळी फुगलीच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवा.

करडांची सोय निराळी करा. गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूचा आडोसा उभारा, दोन बांबूंमध्ये करडूच शिरेल एवढीच फट ठेवा आणि आत बुटकी गव्हाण मांडा. दोन-तीन आठवड्यांचं करडू कोवळा पाला आणि मूठभर खुराक हुंगायला लागतं. आयांनी तिथं तोंड घालता कामा नये.

गव्हाण छपराखाली असू द्या आणि शक्यतो अशी, की गोठ्यात पाय न ठेवता बाहेरूनच चारा टाकता येईल. आपल्या चपलांनीही घाण आत जाते. रोज सकाळी उरलेलं काढून टाका, ओलसर उष्टावळीवर नवा चारा घालू नका. आठवड्यातून एकदा बूच उघडून धुवा आणि गव्हाण उन्हात पालथी टाका. पहिले काही दिवस चारा टाकल्यावर थोडा वेळ तिथंच उभ्या राहा. एखादी शेळी सारखी मागं ढकलली जात असेल तर तिच्यासाठी ड्रमचा दुसरा अर्धा भाग दूरच्या कोपऱ्यात लावा.