माहिती : व्यापाराचे दुसरे भांडवल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



व्यापारात माहितीचा उपयोग कसा केला जातो, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीस साहेबांची सूचना आहे. विषय ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर संगणक आणि मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या असतील. मला मात्र आज मुख्यतः पालकांशी बोलावयाचे आहे, आणि त्यातही ज्यांचे स्वतःचे दुकान, वखार, होडी किंवा हातगाडी आहे अशा पालकांशी. आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. घरातला जो मुलगा अभ्यासात हुशार, त्याला नोकरीसाठी शिकवावयाचे आणि जो नापास झाला त्याला गल्ल्यावर बसवावयाचे. मुलींचा तर या वाटणीत विचारच होत नाही. ही रीत धंद्याच्या मुळावर येणारी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी काही घडलेल्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

माहितीवर पैसा मिळविण्याचा प्रकार जुनाच आहे. १८५० साली बर्लिनहून आलेली तार जर्मनीतल्या आखेन शहरापाशी संपत होती आणि पॅरिसहून आलेली तार बेल्जियममधल्या ब्रुसेल्सपाशी. मधल्या टापूत तारच नव्हती. पॉल ज्यूलियस रॉयटर नावाच्या गृहस्थाने ही फट हेरली. आगगाडीला तेवढ्या अंतरासाठी सहा तासांहून अधिक लागत. रॉयटरची कबुतरे शेअरबाजाराचे भाव घेऊन सुमारे दोन तासांत पोचत. तेवढे चार तास म्हणजे त्याची कमाई. पुढे मधली तार जोडली गेली आणि कबुतरांचे काम संपले. रॉयटर तिथे अडून बसला नाही. १८५१ साली त्याने लंडनला कचेरी उघडली, कारण इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तार पडत होती. रॉयटर वृत्तसंस्था ती हीच.

आता आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वळू. उत्तर केरळातील मच्छीमार तारली पकडून आपापल्या गावच्या किनाऱ्यावर नेत. दुसऱ्या बंदरावर भाव काय आहे हे समुद्रात कळण्याचा मार्ग नव्हता, आणि एकदा डिझेल जाळून एका ठिकाणी पोचल्यावर दुसरीकडे जाण्यात अर्थ नव्हता, कारण बाजार सकाळीच उरकत असे. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा येथे ११ मच्छीमारांना गिऱ्हाईक मिळाले नाही; त्यांनी मासळी फेकून दिली. त्याच सकाळी तिथून १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांमध्ये २७ खरेदीदार मासळीवाचून होते. आपल्या किनाऱ्यावर ज्यांची घरे मासळीवर चालतात, त्यांना या दोन वाक्यांतले दुःख मी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षापासून त्या भागात टप्प्याटप्प्याने मोबाईल फोन आले. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांचा संदेश समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत पोचत असे. मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे होडी नेऊ लागले. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९६ ते २००१ या काळातली माहिती गोळा करून २००७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मिळणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला. दोघांचेही भले झाले, असे व्यापारात क्वचितच घडते.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही पाहावयास हवी. फोन सगळ्यांच्या हाती आल्यावर एकाचा दुसऱ्यावर वरचष्मा राहिला नाही. भावाची माहिती आज कोणालाही मिळते. सोन्याचा, कांद्याचा, डॉलरचा भाव शाळकरी पोरगाही मोबाईलवर काढून दाखवतो. मग धंद्यात पुढे जाण्यासाठी कामाला येईल अशी माहिती कोणती? जी दुसऱ्याला मिळूच शकत नाही ती. आणि ती तुमच्याच दुकानाच्या फळीवर असते.

यासाठी मी जपानचे उदाहरण घेतो, आणि त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. सेव्हन-इलेव्हन ही मूळची अमेरिकन दुकानांची साखळी. तिच्या नावाचे आणि पद्धतीचे हक्क घेऊन मे १९७४ मध्ये तोक्यो शहरात जपानमधले पहिले दुकान उघडले. ते नवे बांधले नव्हते. एका कुटुंबाचे पूर्वीचे छोटे दुकानच नव्या पद्धतीने चालवावयास घेतले होते. अशा दुकानांची जागा बेताची, त्यामुळे न खपणारा माल ठेवणे परवडत नसे. हा धंदा उभा करणारे तोशिफुमी सुझुकी यांनी एका गोष्टीचा ध्यास घेतला : प्रत्येक जिन्नस स्वतंत्रपणे पाहावयाचा. ‘बिस्किटे किती खपली’ असे विचारावयाचे नाही. हे एक बिस्किट, या दुकानात, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी खपले, हे विचारावयाचे. १९८२ पासून त्यांच्या गल्ल्यांवर जी यंत्रे आली ती ही नोंद करू लागली. पैसे घेणारा नोकर गिऱ्हाईक पुरुष की स्त्री, अंदाजे वय किती, याचेही बटण दाबत असे.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, यंत्राने केले, माणसाचे काय? खरी गंमत पुढेच आहे. मागणी यंत्र ठरवीत नव्हते. दुकानातले नोकर, ज्यांत अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी आणि गृहिणी पुष्कळ असत, तेच उद्याचा अंदाज बांधत आणि मग नोंदी पाहून तो पडताळत. तिथले एक नेहमीचे उदाहरण सांगतो. दुकान समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, उद्या सुट्टी आहे, हवा उघडी राहणार आहे. म्हणजे गळ घेऊन मासे पकडायला जाणारे हौशी लोक पहाटेच येतील. त्यांना दुपारपर्यंत उन्हात टिकेल असे खाणे हवे. तेव्हा भाताच्या मुटक्यांत खारवलेल्या आंबट फळाचे सारण घातलेले अधिक मागवा, कारण ते लवकर बिघडत नाहीत. ही अक्कल कोणत्या यंत्रात होती? ती त्या रस्त्यावर राहणाऱ्या आणि लिहितावाचता येणाऱ्या माणसात होती.

सुझुकींचा दुसरा मुद्दा मला याहून मोलाचा वाटतो. एखादा जिन्नस दुपारी बारालाच संपला तर वहीत दहा नग खपले एवढेच दिसते. बारानंतर जे आले आणि रिकाम्या हाताने गेले, त्यांची नोंद कुठेच होत नाही. शिल्लक राहिलेल्या मालाचे नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून दुकानदार त्याला भितो. परत गेलेल्या गिऱ्हाइकाचे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याचा विचार होत नाही.

या पद्धतीचे फळ काय? मूळ अमेरिकन कंपनी १९९० साली दिवाळखोरीत गेली आणि १९९१ साली जपानी शिष्यानेच आपल्या सहकारी कंपनीसह तिचा मोठा हिस्सा विकत घेतला.

तरीपण केवळ कौतुक करून मी थांबलो तर ती फसवणूक होईल. माहिती ज्याच्या हाती, हुकूमही त्याचाच चालतो. जपानमधले हेच दुकानदार शिळे होत आलेले खाणे स्वस्तात विकू पाहत होते आणि कंपनी त्यांना अडवीत होती. उरलेल्या मालाचे बरेचसे नुकसान दुकानदाराच्या अंगावर पडे. अखेर २००९ साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कंपनीला तसे अडविण्यास मनाई केली. अमेरिकन एअरलाईन्सचे उदाहरणही असेच. तिने १९६०च्या दशकात ‘सेबर’ ही तिकीट नोंदणीची यंत्रणा उभी केली, १९७६ पासून तिचे पडदे प्रवासी एजंटांच्या टेबलावर बसविले, आणि त्या पडद्यावर आपली विमाने वर दिसतील अशी सोय केली. एजंट बहुधा वरचेच तिकीट काढणार! १९८४ साली सरकारला त्याविरुद्ध नियम करावे लागले. आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये, ॲमेझॉनला युरोपातल्या अधिकाऱ्यांपुढे वचन द्यावे लागले की, आपल्या बाजारपेठेत माल विकणाऱ्या इतर व्यापाऱ्यांची खाजगी विक्रीमाहिती ती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही. आपल्यापैकी जे तरुण अशा बाजारपेठांवर कपडे, अत्तरे, मसाले विकू लागले आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. विक्री तुमची असली तरी तिची वही दुसऱ्याच्या घरात आहे.

आपल्या उधारीच्या वहीतही माहितीच असते. कोणाच्या घरी पैशाची ओढ आहे, कोणाकडे आजारपण आहे, लग्न ठरले आहे, हे दुकानदाराला सर्वांआधी कळते. ती अमानत आहे. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण चांगल्या दुकानदाराने ही गोष्ट कायद्याआधीच पाळली पाहिजे, कारण एकदा तोंड सैल सुटले की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

आता पालकांना कामाची गोष्ट. आज भाजीच्या गाडीवरही मोबाईलने पैसे घेतात. त्यात रक्कम आणि वेळ यांची नोंद राहते; कोणता जिन्नस गेला याची राहत नाही, आणि काय मागितले होते पण नव्हते याची तर नाहीच. ती नोंद तुम्ही ठेवा. त्यासाठी यंत्र नको, साधी शाळेची वही पुरे. तारीख लिहा, वेळ लिहा आणि गिऱ्हाइकाने मागितलेला पण आपल्याकडे नसलेला जिन्नस लिहा. ‘नाही’ हा शब्द तोंडातून निघाला की हातात पेन्सिल आली पाहिजे. पाऊस होता, परीक्षा चालू होत्या, सण जवळ होता, असेही एखाद्या शब्दात टिपून ठेवा.

महिना झाला की घाऊक बाजारात जाण्यापूर्वी ती वही वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. खरेदीची यादी त्यांना करू द्या, आणि तुमच्या यादीहून ती वेगळी का झाली हे त्यांच्याकडून ऐकून घ्या. पुढच्या महिन्यात दोन्ही याद्या विक्रीशी ताडून पाहा. वाद होईल, होऊ द्या. विद्यार्थ्यांनीही वडिलांना ओळीने प्रश्न विचारावेत : हा माल दर सोमवारीच का संपतो, तो डबा वर्षभर फळीवर का आहे. उत्तर मिळाले नाही तर तिथूनच नोंद सुरू करावी.